टिक आणि टण

८ जानेवारी, बुधवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत, तूही तिकडे बरी असशील. पाकिटावरचं अक्षर तू लांबूनच ओळखलं असणार, म्हणून आधीच सांगते, फाडू नकोस. अक्षर बाबांचं आहे आणि शब्द माझे आहेत. हे कसं काय, ते सांगते.

मार्चमध्ये माझी शाळेची शेवटची परीक्षा. मी गणित सोडलेलं नाही. आमच्यासारख्या न दिसणाऱ्यांना सोडायची सवलत आहे, ती घेतलेली नाही. मी तोंडाने उत्तर सांगायचं आणि लेखनिकाने ते कागदावर उतरवायचं, अशी पद्धत. लेखनिक असा हवा की ज्याला तो विषय येत नाही. घरातला चालतो, पण मग शेजारी पर्यवेक्षक ठाण मांडून बसतो. माझी पत्रं शेजारच्या काकू लिहून द्यायच्या, पण त्यांचं कॉलेजात गणित होतं, त्यामुळे त्या बाद. तेव्हा बाबा म्हणाले, "मी सातवीत शाळा सोडली. पाट्या रंगवण्यापलीकडे मला काही येत नाही. मी चालतो का?" तर चालतात म्हणे. सोडलेली शाळा इतक्या वर्षांनी कामाला येईल, हे त्यांनाही वाटलं नसेल. (इथे पेन थांबलं होतं. मी म्हटलं, लिहा लिहा.)

आमच्या गणिताच्या बाई म्हणाल्या, दोघांनी रोज सराव करा, सांगण्याचा आणि लिहिण्याचा वेग जुळला पाहिजे. गणितच हवं असं नाही, काहीही सांग, ते लिहितील. नियम एवढाच, की लेखनिकाने मनाचं एक अक्षर घालायचं नाही आणि सांगितलेलं एक अक्षर गाळायचं नाही. बाबांनी बहुतेक नुसती मान हलवली, कारण बाई म्हणाल्या, "तोंडाने बोला हो, तिला मान कशी कळणार?"

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "काय लिहायचं?"

मी म्हटलं, "पत्र."

"कोणाला?"

"ताईला."

खुर्ची मागे सरकली. मग मोरीत बराच वेळ ब्रश धुण्याचा आवाज येत राहिला. त्या दिवशी त्यांनी ब्रशला हातही लावलेला नव्हता. शेवटी खुर्ची पुन्हा पुढे आली आणि बाबा म्हणाले, "सांग."

तेव्हा हा सराव आहे, दुसरं काही समजू नकोस.

आता बातम्या. चौकातल्या औषधाच्या दुकानाची पाटी बाबांनी नवी केली. मालकाला तिरपी अक्षरं हवी होती. बाबा म्हणाले, आजारी माणूस औषध घ्यायला येतो, त्याच्यासाठी तरी अक्षरं सरळ उभी राहू देत. मालक हसला आणि ऐकलं त्याने. तशी हल्ली कामं कमीच येतात, सगळे छापील फलक लावतात. काकूंची मांजर आमच्याकडेच मुक्कामाला असते. जिन्याचा कठडा अजून डुगडुगतो, त्यामुळे तू आलीस तर जरा डावीकडून... हे राहू दे. नाही, खोडू नका बाबा. गाळायचं नाही ना?

गेल्या वर्षीच्या त्या दिवसाबद्दल मी आज काही सांगणार नाही. तुझा विषय निघाला की बाबांना हमखास खोकला येतो, आत्ताही आला.

खरं काम असं आहे. तू गेलीस तेव्हा आपण नुसती वर्गमूळं करत होतो. आता ती अपूर्णांकाच्या खाली, छेदात जाऊन बसली आहेत आणि त्यांना तिथून उठवायचं आहे. छेदाचं परिमेयीकरण म्हणतात त्याला. नाव ऐकून घाम फुटतो, पण काम साधं आहे. वर आणि खाली एकाच संख्येने गुणायचं, म्हणजे किंमत तीच राहते, आणि ती संख्या अशी निवडायची की खालचं मूळ निघून जाईल. एक भागिले मूळ दोन असेल तर वरखाली मूळ दोनने गुणलं, की मूळ दोन भागिले दोन. हे मला येतं. शाळेत बाई समोर बसतात तेव्हा येतं. घरी बाबा वाचून दाखवतात तेव्हा मात्र पुस्तकाच्या मागच्या उत्तराशी एकही उत्तर जुळत नाही.

परवाचंच घे. बाबांनी वाचलं, "एक भागिले मूळ पाच अधिक मूळ तीन." मी एक भागिले मूळ पाच सोडवलं, मूळ पाच भागिले पाच आलं, त्यात मूळ तीन मिळवले. बाबांनी मागचं उत्तर वाचलं ते भलतंच. दुसरं गणित, तेच. तिसरं, तेच. बाबा एकेक उत्तर वाचताना आवाज बारीक करत गेले, जणू चूक त्यांची होती.

शेवटी मी हात टेकले. म्हटलं, "बाबा, सोडून देऊ गणित. अजून तारीख गेलेली नाही, मुख्याध्यापक हो म्हणतील." गेल्या वर्षी हेच कोण म्हणत होतं, ते तुला माहीत आहे. मला वाटलं, सुटकेचा श्वास ऐकू येईल. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आज दोघंही दमलोय. उद्या सकाळी ताज्या डोक्याने परत बघू." ताई, मला त्या वाक्याने रडू आलं. बाबांनी मांजरीला ओरडण्याचं निमित्त करून मला रडू दिलं.

आता तुला विचारायचं ते विचारते. मला ठाऊक आहे काय अडतंय ते. बाबा जे दिसतं ते वाचतात, पण मूळ कुठे संपलं, छेद कुठपर्यंत आहे, ते त्यांच्या आवाजात येत नाही. आपल्याकडे त्यासाठी टिक आणि टण होतं. काहीही उघडलं, मूळ असो, कंस असो, छेद असो, की तू पेन्सिल टेबलावर वाजवायचीस, टिक. ते मिटलं की ग्लासवर, टण. मी हे कोणालाच सांगितलेलं नाही. बाबांना सांगितलं तर तुझी खुर्ची तुझ्या मागे दुसऱ्या कोणाला दिल्यासारखं होईल असं वाटतं. म्हणून आधी तुला विचारते. तू हो म्हणालीस तरच सांगेन.

आता बघ माझा शहाणपणा. हे सगळं मी बाबांनाच सांगत होते की! पेन थांबलं तेव्हा लक्षात आलं.

बाबा म्हणाले, "ते टणटण म्हणजे हे होतं?"

मी म्हटलं, "हो."

"मी भिंतीपलीकडून ओरडायचो, ते टणटण बंद करा म्हणून. मला वाटायचं, तुम्ही दोघी खेळताय."

 मी म्हटलं, हेही लिहा. त्यांनी लिहिलं. 

परवानगीची वाट बघते. तुझ्याकडून हो येईपर्यंत ग्लास फळीवरून खाली काढणार नाही, असं बाबांनी स्वतःहून कबूल केलं आहे.

तुझी,
मुंगी


२ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. पत्र पोचलं. तुझ्या लॅबमधल्या रक्ताच्या बाटल्यांचा घोळ ऐकून हसलो. हसलो म्हणजे मी हसले. बाबा वाचत होते, त्यामुळे त्यांना हसता आलं नाही.

काकू त्यांच्या लेकाकडे गेल्या आहेत, म्हणून तुझं पत्र वाचायला बाबांशिवाय कोणी नव्हतं. पाकीट दोन दिवस शेगडीशेजारी पडून होतं. शेवटी मीच म्हटलं, "लिहिताना गाळायचं नाही, तसं वाचतानाही गाळायचं नाही." मग त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. तू लिहिलं होतंस, "टिक-टण वाचणाऱ्याला खुशाल सांग. आणि त्याला म्हणावं, हळू वाच, तुला कुठली गाडी पकडायची नाही." बाबांनी हे जसंच्या तसं वाचलं, आणि पुढचं वाक्य खरंच हळू वाचलं. पुढचं वाक्य होतं, "परीक्षेला मी येणार नाही, कारण मला कोणी बोलावलेलं नाही." त्यानंतर खोकला आला.

ग्लास फळीवरून खाली आला आहे. पहिल्या दिवशी बाबा प्रत्येक आकड्यावर टण करत होते, शाळा सुटल्यासारखं वाटत होतं. आता हात बसलाय. काल मागच्या पत्रातलंच गणित पुन्हा घेतलं, ऐक. एक भागिले टिक, मूळ टिक पाच टण, अधिक मूळ टिक तीन टण, टण. शेवटी दोन टण एकापाठोपाठ आले आणि मला एकदम कळलं, की मूळ तीन बाहेर एकटा उभा नाही, तोही छेदातच आहे! इतके दिवस मी त्याला घराबाहेर ठेवून गणित सोडवत होते. उत्तर कुठून जुळणार?

छेदात अशी दोन पदं असली की करायचं काय, तेही बाईंनी सांगितलं. तीच दोन पदं घ्यायची आणि मधलं चिन्ह उलटं करायचं. अधिक असेल तर उणे. त्याला अनुबद्ध जोडी म्हणतात. दोघांचा गुणाकार केला की मुळं एकमेकांना गिळतात आणि खाली साधा आकडा उरतो. पाचातून तीन गेले, दोन. म्हणजे उत्तर, मूळ पाच उणे मूळ तीन, भागिले दोन. बाबांनी मागचं पान उलटलं. "जुळलं," म्हणाले. मग पुन्हा एकदा, "जुळलं की गं!" मांजर दचकून पळाली.

मी बाबांना म्हटलं, "तुम्ही आणि ताई अशीच जोडी आहात. पदं तीच, मधलं चिन्ह तेवढं उलटं."

"हे पेपरात येणार आहे का?"

"नाही."

"मग पत्रात कशाला?"

"सराव."

लिहिलं त्यांनी. ताई, तूही नाक मुरडू नकोस. मला उपदेश करायचा नाही, तुमच्या दोघांच्या नाकांचा आवाज सारखाच येतो एवढंच सांगायचं होतं.

पण इथे नवीन भानगड झाली. मी बरोबर सांगितलं, बाबांनी लिहिलं, आणि बाईंनी सगळी उत्तरं चूक दिली! त्यांनी वहीवर बोट आपटत विचारलं, "पेंटर, हे मुळाचं छप्पर इतकं लांब का ओढलंत?" झालं होतं असं, की मुळाच्या चिन्हावर जी आडवी रेघ असते, ती बाबांनी पाचावरून निघून थेट शेवटपर्यंत नेली होती. त्यामुळे मूळ पाच उणे मूळ तीन हे सगळं एकाच मुळाच्या पोटात गेलं. बाबा म्हणाले, "बाई, तीस वर्षं अक्षरं रंगवतोय. शब्द संपेपर्यंत वरची रेघ ओढायची, मध्ये तोडली तर गिऱ्हाईक पाटी परत करतं." बाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या दिवसापासून बाबा लिहिताना स्वतःशीच पुटपुटतात, "पाच. थांब. इथेच थांब." हाताला लागलेलं वळण सोडवायला त्रास होतोय त्यांना, पण ते तक्रार करत नाहीत.

एक प्रश्न मात्र त्यांनी बाईंना विचारला आणि मला तो फार आवडला. "किंमत बदलत नाही म्हणता, मग खाली मूळ राहिलं तर बिघडतं कुठे?" बाई म्हणाल्या, "बिघडत काहीच नाही. पण आता एकला मूळ दोनने, म्हणजे साधारण एक पूर्णांक चारशे चौदा हजारांशाने, भागून दाखवा, हाताने." बाबांनी फळ्यावर खडूने सुरुवात केली. खडू बराच वेळ चालला, मध्ये दोनदा पुसल्याचा आवाज आला, आणि शेवटी बाबा "च्यायला" म्हणाले, शाळेत! बाई म्हणाल्या, "आता तेच एक पूर्णांक चारशे चौदा हजारांश निम्मे करा." बाबांनी तोंडीच सांगितलं, शून्य पूर्णांक सातशे सात हजारांश. "बघा," बाई म्हणाल्या, "गोष्ट तीच होती. फक्त हाताळता येईल अशी करून घेतली."  घरी येताना कोपऱ्यावर खड्डा आहे म्हणून बाबांनी माझा हात धरला, तो पुढे सोडलाच नाही.

आता मी मागच्या पत्रात टाळलं ते सांगते. बाबा, लिहायचं आहे.

त्या दिवशी मी टेबलापाशी होते, पेन्सिल हातात होती. बाबा शाळेतून आले आणि म्हणाले, मी मुख्याध्यापकांना सांगून आलोय, हिचं गणित काढून टाका, कशाला पोरीचे हाल. तू म्हणालीस, तिला विचारलंत का? आवाज चढत गेले. तू म्हणालीस, "आंधळी ती नाही, तुम्ही आहात." बाबा म्हणाले, "मग चालती हो. आणि मी बोलावल्याशिवाय या दारात पाऊल टाकायचं नाही." तू बॅग भरलीस. नोकरीवर तू पुढच्या महिन्यात जाणारच होतीस, पण तू त्याच दिवशी गेलीस.

तुम्ही दोघंही माझ्यावरून भांडलात आणि तुमच्यातल्या एकानेही मला काही विचारलं नाही. मी तुमच्या मधे बसलेली होते. दुसऱ्या दिवशी मी एकटी शाळेत गेले, काठी टेकत, आणि मुख्याध्यापकांना म्हटलं, गणित राहू द्या, मला गणितच शिकायचं आहे पुढे. ते तेव्हा तुम्हा दोघांनाही सांगितलं नाही, कारण दोघांचाही राग आला होता. आणि मला तुम्ही दोघंही घरात हवे होतात, त्याचा काही उपाय सुचत नव्हता. अजून सुचलेला नाही. तू गेल्यापासून घरात कोणी हुकूम सोडत नाही. बाबा तुला हवालदार म्हणायचे ना, ते नावही कोणी घेत नाही. फार शांत आहे इथे, मला नाही आवडत.

बाबांनी सगळं लिहिलं. दोन्ही वाक्यं लिहिली, तुझं आणि त्यांचं. मध्ये उठून पाणी पिऊन आले, पण लिहिलं.

मग मी म्हटलं, "पुढे लिहा, बाबा तुला बोलावतात, ये."

पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "हे नाही लिहिणार."

"गाळायचं नाही असा नियम आहे."

"ते तुझं वाक्य नाही, माझं आहे. माझ्या तोंडचं वाक्य तू सांगायचं आणि मी उतरवायचं, हे चालणार नाही. लबाडी होते ती."

मला राग आला. पण नंतर विचार केला, बरोबर आहे त्यांचं. ते म्हणाले नाहीत, आणि न म्हणता लिहिलं असतं तर तुलाही ते नको असतं. तूही अशीच नियमावर बोट ठेवणारी.

म्हणून हे पत्र त्या वाक्याशिवायच पाठवते आहे.

तुझी,
मुंगी


११ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आज गणिताचा पेपर झाला. आत्ताच घरी आलोय, चहा व्हायचा आहे. बाबा म्हणाले, आधी लिहून टाकू, विसरायला नको. वास्तविक आता सरावाची गरज उरली नाही. मी ते बोलून दाखवलं नाही.

आम्हाला वरच्या मजल्यावरची वेगळी खोली दिली होती. ओल्या चुन्याचा वास, एक करकरणारा पंखा आणि करकरणारे बूट घातलेले पर्यवेक्षक. बाबांनी पिशवीतून आपला ग्लास काढला, त्यात पाणी ओतलं, पेन्सिल काढली. प्रश्नपत्रिका आली. बाबा वाचू लागले. टिक. टण. टिक.

बूट करकरत आले. "हा काय ठोकण्याचा प्रकार आहे?"

ताई, आमच्या तिघांच्याही डोक्यात एक गोष्ट आली नव्हती. बाईंच्याही नाही. टेबलावर खुणा करून लेखनिक विद्यार्थ्याला काही सांगतोय, म्हणजे बघणाऱ्याला ती सरळ कॉपीच वाटणार! परवानगी काढायला हवी होती, आणि आम्हाला तर तो आवाज घरातल्या घड्याळाइतका सवयीचा झालेला. पर्यवेक्षक म्हणाले, "खुणा चालणार नाहीत. पेपर थांबवा. मी वर कळवतो."  वर्षभराचं सगळं त्या ग्लासापाशी येऊन अडलं होतं, आणि तो ग्लास मीच आणायला लावला होता.

बाबा उठून उभे राहिले. खुर्चीचा आवाज आला त्यावरून कळलं. तुला ठाऊक आहे, साहेबलोकांपुढे बाबांचा आवाज कसा होतो ते, पाटीचे उरलेले पैसे मागतानासुद्धा माफी मागतात. मला वाटलं, आता ते सॉरी म्हणतील आणि ग्लास पिशवीत घालतील.

ते म्हणाले, "साहेब, ही पद्धत माझ्या मोठ्या मुलीने काढलेली आहे."

ताई, मी तुला सांगू शकत नाही. वर्षभरात पहिल्यांदा. मोठ्या मुलीने. त्या करकरणाऱ्या बुटांसमोर.

"काय पद्धत?"

"मूळ कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते आपल्याला दिसतं, हिला दिसत नाही. नुसतं वाचलं तर चुकीचं वाचल्यासारखं होतं. माझ्या मोठ्या मुलीने हे ओळखलं. मला ओळखता आलं नव्हतं. मी हे बंद करा म्हणून ओरडायचो. आता बंद करणार नाही. तुम्हाला पाहिजे तर परीक्षा घ्या त्याची."

पर्यवेक्षकांनी केंद्रप्रमुख बाईंना बोलावलं. त्यांच्या बांगड्या आधी आल्या, मग त्या आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कोऱ्या कागदावर काहीतरी खरडलं, आणि बाबांना म्हणाल्या, "हे पेपरातलं नाही. वाचा, आणि वाजवा." बाबांनी वाचलं, "मूळ टिक, सात अधिक मूळ टिक दोन टण, टण." मी म्हटलं, "बाहेरचं मूळ सगळ्यावर आहे, आतलं फक्त दोनवर." बाईंनी दुसरं लिहिलं. बाबांनी वाचलं, "मूळ टिक सात टण, अधिक मूळ टिक दोन टण." मी म्हटलं, "आता दोन वेगवेगळी मुळं आहेत." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग पर्यवेक्षकांना म्हणाल्या, "यात उत्तर कुठे सांगितलंय? हा तर प्रश्नच नीट वाचलाय. आणि यांचा गेलेला वेळ भरून द्या." जाता जाता बाबांना म्हणाल्या, "तुमची मुलगी शिक्षिका आहे का?"

बाबा म्हणाले, "नाही, लॅबमध्ये असते. पण हवालदार आहे."

बाईंना काही कळलं नसेल. मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं, असल्या अवस्थेत मी पहिली गणितं सोडवली.

आपलं प्रकरण आलं होतं. तीन भागिले, मूळ सात उणे दोन. मी सांगितलं, वरखाली मूळ सात अधिक दोनने गुणा. खाली सातातून चार गेले, तीन उरले. वरचे तीन आणि खालचे तीन गेले. उत्तर, मूळ सात अधिक दोन. छेदच उरला नाही, ताई, सगळंच मोकळं! बाबा लिहिताना पुटपुटले, "सात. थांब." आणि थांबले. ती रेघ बरोबर जागी थांबली असणार, मला पेनाच्या आवाजावरून कळतं.

एकच गणित राहिलं, वेळ होता पण डोकं चालेना. बाकी बरं गेलं. पास तर नक्की होते, पुढचं पुढे बघू.

येताना बाबांनी मला चौकात उभं केलं, औषधाच्या दुकानासमोर. माझा हात धरून दाराशेजारच्या नव्या पाटीवरून फिरवला. मालक आतून ओरडला, "पेंटर, रंग ओला नाही ना?" बाबा म्हणाले, "वाळून दोन महिने झाले." रंगाच्या थराने अक्षरं जरा उठलेली लागतात बोटांना. वरची रेघ पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सलग गेली आहे. मी म्हटलं, "इथे छान दिसत असेल." ते म्हणाले, "इथे तशीच हवी."

आता मी थांबते. चहाचं पाणी उकळून आटलंय, वास येतोय. या वेळी मी बाबांना काही लिहायला लावलेलं नाही, आणि तुलाही काही मागत नाही. तू मला दिलेली वस्तू आज त्यांनी भर खोलीत उभं राहून सांभाळली, एवढं तुला कळवायचं होतं. ग्लास धुऊन टेबलावर ठेवला आहे, फळीवर परत ठेवलेला नाही.

तुझीच,
मुंगी


वरील सर्व मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे. मनाचं घातलेलं नाही, गाळलेलं नाही.

इथून खालचं माझं आहे. मुंगी विचारते आहे, पत्र संपलं तरी पेन कसं वाजतंय? मी म्हटलं, पाटी पुरी झाली की पेंटर कोपऱ्यात सही करतो, तेवढीच करतो आहे.

हवालदार, एक टण माझ्याकडून राहून गेलं होतं. ये.

बाबा